चाकणच्या कारखान्यातून मॅनेजमेंटच्या प्राध्यापकीकडे: एका अभियंत्याच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: बी.ई. मेकॅनिकल, वय ३४, चाकणला वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात उत्पादन नियोजन आणि क्वालिटी मिळून अकरा वर्षे. घराचा हप्ता चालू आहे. मॅनेजमेंट कॉलेजात शिकवायचे आहे, संशोधनही करायचे आहे. आधी एम.बी.ए. करू की थेट पीएच.डी.? नोकरी सोडावी लागेल का? आणि अकरा वर्षांच्या अनुभवाला तिथे किंमत किती?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. वर्गात तुमच्या अनुभवाला भरपूर किंमत आहे. कागदावर तुम्ही धरून चालला आहात त्यापेक्षा कमी आहे. संशोधनात तो जसाच्या तसा नेलात तर जवळजवळ काहीच नाही.

कागदाचे आधी उरकू. तंत्र आणि व्यवस्थापन शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एआयसीटीईच्या २०१९ च्या नियमांत मॅनेजमेंटच्या असिस्टंट प्रोफेसरसाठी कोणत्याही शाखेची पदवी, त्यावर एम.बी.ए., पी.जी.डी.एम., सी.ए., आय.सी.डब्ल्यू.ए. किंवा एम.कॉम. प्रथम श्रेणीत, आणि ती पदव्युत्तर पदवी मिळाल्यानंतरचा दोन वर्षांचा व्यावसायिक अनुभव मागितला आहे. यातला 'नंतरचा' हा शब्द बहुतेक अभियंते वाचत नाहीत. अकरा वर्षे शॉपफ्लोअरवर काढून मग एम.बी.ए. केले, तर ती अकरा वर्षे या अटीपुरती मोजलीच जात नाहीत. निकालानंतर दोन वर्षे पुन्हा भरावी लागतात. म्हणून एम.बी.ए. करायचे तर नोकरी सांभाळून लगेच करा आणि निकालानंतर त्याच नोकरीत दोन वर्षे राहा. नोकरी सोडून एम.बी.ए. केले आणि पदवी हाती येताच कॉलेजात अर्ज टाकला, असे करणारे हमखास इथे अडकतात.

ती अकरा वर्षे वायाही जात नाहीत. असोसिएट प्रोफेसरसाठी पीएच.डी., सहा शोधनिबंध आणि शिकवणे, संशोधन किंवा उद्योग मिळून आठ वर्षांचा अनुभव लागतो, त्यातली किमान दोन वर्षे पीएच.डी.नंतरची. उद्योगातली वर्षे इथे उपयोगी पडतात. मात्र ती किती धरायची हे निवड समिती कागद पाहून ठरवते. 'सीनियर इंजिनिअर, पीपीसी' (उत्पादन नियोजन आणि नियंत्रण) एवढेच लिहिलेले पत्र आणि हाताखाली किती माणसे, कोणती जबाबदारी, कोणत्या तारखेपासून बढती हे लिहिलेले पत्र यांत मोठा फरक पडतो.

आता एम.बी.ए. की थेट पीएच.डी. नियम थेट पीएच.डी.ची वाट देतात. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांत चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के किंवा तितकी श्रेणी असेल तर प्रवेश मिळू शकतो. काही आयआयएमही अभियांत्रिकीच्या पदवीवर पीएच.डी.ला घेतात, गुणांची अट प्रत्येकाची वेगळी. पण पुढे काय, हे पाहून ठेवा. बी.ई. आणि त्यावर मॅनेजमेंटमधली पीएच.डी., मध्ये एम.बी.ए. नाही, अशा उमेदवाराला आयआयएममध्ये कुणी अडवत नाही. पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात मात्र अप्रूव्हलच्या, म्हणजे नेमणुकीला मान्यता घेण्याच्या वेळी समितीसमोर एआयसीटीईचा तक्ता असतो आणि त्यात एम.बी.ए.चा रकाना असतो. एम.टेक. करून मग मॅनेजमेंटची पीएच.डी. करणाऱ्यांचीही गाडी इथेच अडते. तेव्हा पुण्यातच आणि संलग्न कॉलेजातच नोकरी करायची असेल, तर एम.बी.ए. टाळू नका. एक वर्षाची एक्झिक्युटिव्ह पदविका घेण्याआधी ती एम.बी.ए.शी समकक्ष असल्याचे असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजचे पत्र संस्थेकडे आहे का, ते लेखी विचारा. तोंडी 'आहे' चालत नाही.

नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांबद्दल दोन ओळी. १ जुलै २०२३ पासून यूजीसीने असिस्टंट प्रोफेसरसाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता केली आणि पीएच.डी. ऐच्छिक ठेवली. एआयसीटीईच्या वरच्या तक्त्यात नेट नाही. तरीही द्या, कारण जून २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही चालतात: गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन. मॅनेजमेंटचा विषय क्रमांक १७. पहिला पेपर ५० प्रश्न १०० गुणांचा, दुसरा १०० प्रश्न २०० गुणांचा, वेळ मिळून तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अभियंते दुसऱ्या पेपरातले ऑपरेशन्स आणि संख्याशास्त्र सहज काढतात आणि कामगार कायदे, संघटनात्मक वर्तन, अकाउंटिंग यांत गुण घालवतात. तयारीचा वेळ तिकडे द्या. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा आपले पुणे विद्यापीठच घेते. तिच्यात उत्तीर्ण झालात तर याच दोन राज्यांत पात्रता चालते, नेट देशभर. फेलोशिपचा हिशोब मात्र धरू नका. जेआरएफला, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधन फेलोशिपला, वयाची मर्यादा ३० वर्षे आहे. महिलांना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत आहे, तीत बसत असाल तर ३५ व्या वर्षापर्यंत वेळ आहे, म्हणजे तुमच्या हातात एखादाच प्रयत्न.

पैशांचे स्पष्ट बोलू. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे असिस्टंट प्रोफेसर लेव्हल १० ला, मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे. असोसिएट प्रोफेसरचे मूळ वेतन १,३१,४०० पासून आणि प्रोफेसरचे १,४४,२०० पासून सुरू होते. आयआयएममध्ये ग्रेड-१ असिस्टंट प्रोफेसर लेव्हल १२ ला, १,०१,५०० पासून. हे झाले शासकीय आकडे. पुण्यातली बहुसंख्य मॅनेजमेंट कॉलेजे विनाअनुदानित आहेत आणि तिथे जाहिरातीत 'नियमांनुसार वेतन' व नेमणूकपत्रात एकत्रित ठोक रक्कम, हा प्रकार सर्रास चालतो. मुलाखतीत तीन गोष्टी विचारा: वेतनश्रेणी की ठोक, पीएफ कापतात का, आणि पगार महिन्याच्या कोणत्या तारखेला होतो. तिसऱ्या प्रश्नाला 'साधारण' या शब्दाने उत्तर सुरू झाले, तर तिथे आधीपासून शिकवणाऱ्या कुणाला तरी गाठून चौकशी करा. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीच्या पैशांवर घराचा हप्ता भरता येत नाही. ते काम अनुभव म्हणून आणि कॉलेज आतून पाहता येते म्हणून करायचे.

म्हणून नोकरी सोडण्याचा निर्णय पीएच.डी. कुठली यावर ठरतो. आयआयएम किंवा आयआयटीतली पूर्णवेळ पीएच.डी. चार-पाच वर्षे खाते. पहिल्या दोन वर्षांत जड कोर्सवर्क, मग सर्वंकष परीक्षा, मग प्रबंध. विद्यावेतन मिळते, पण ते कारखान्यातल्या पगाराच्या जवळपासही नसते. त्या बदल्यात संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धतीची पक्की तालीम मिळते आणि चांगल्या संस्थांची दारे उघडतात. पुण्याहून सर्वांत जवळचे पर्याय पवईत आहेत: आयआयटी मुंबईची शैलेश मेहता मॅनेजमेंट स्कूल, आणि पूर्वी निटी म्हणून ओळखली जाणारी, २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झालेली संस्था. ऑपरेशन्सवाल्या माणसाने दुसरीचा विचार आधी करावा. औद्योगिक अभियांत्रिकीचे मूळ असल्यामुळे तुमची भाषा तिथे आधीपासून बोलली जाते.

दुसरी वाट अर्धवेळ पीएच.डी.ची. २०२२ च्या नियमांत तिला परवानगी आहे. अट अशी की कंपनीने ना-हरकत पत्र द्यावे आणि त्यात तीन गोष्टी असाव्यात: अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळे केले जाईल. एचआर पहिल्या दोन ओळी देते आणि तिसरीला अडते. ती नसेल तर पत्र परत येते, म्हणून मसुदा तुम्हीच लिहून द्या. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचे. कालावधी किमान तीन वर्षे, कमाल सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी. या नियमांत बसत नाही. परदेशी विद्यापीठाचे नाव लावून ऑनलाइन डीबीए (व्यवसाय प्रशासनातली डॉक्टरेट) विकणाऱ्यांचे फोन तुम्हाला येतील, कारण तुमच्या वयाचे आणि पगाराचे लोकच त्यांचे गिऱ्हाईक. नावापुढे 'डॉ.' लावायला तेवढे पुरेल, पण निवड समितीपुढे ती पदवी पीएच.डी. म्हणून चालेल असे समजू नका.

तिसरी वाट 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची. तिला पदवीची अट नाही, पण किमान १५ वर्षांचा अनुभव, तोही शक्यतो वरच्या पदावरचा, लागतो आणि मुदत सगळी मिळून चार वर्षांच्या वर जात नाही. तुमच्या प्रश्नाला ती आज लागू नाही. पन्नाशीत कारखान्याच्या प्रमुखपदावरून येणाऱ्यांसाठी ती ठीक आहे.

माझा कल सांगतो. घरात दुसरा पगार असेल आणि हप्ता त्यातून भागत असेल, तर पूर्णवेळ पीएच.डी.साठी कॅट किंवा गेट द्या. नसेल तर नोकरीसोबत एम.बी.ए., त्यानंतरच्या दोन वर्षांत नेट, आणि मग अर्धवेळ पीएच.डी. दुसरी वाट लांब आहे, कॉलेजात कायम होईपर्यंत चाळिशी उलटेल. पण तीत घर बुडत नाही.

अर्धवेळ वाटेवर सगळे गाइडवर, म्हणजे पीएच.डी.च्या मार्गदर्शकावर, येऊन थांबते, आणि लोक गाइड निवडतात तो 'जागा रिकामी आहे' एवढ्यावर. नियमाने प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएटला सहा आणि असिस्टंट प्रोफेसरला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. एवढे तपासून झाले की शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जा. तिथे त्या गाइडच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध सापडतील. तीन प्रबंध उघडा आणि फक्त संशोधनपद्धतीचे प्रकरण वाचा. तिन्हींत तीच प्रश्नावली, तोच नमुना-आकार, तीच टक्केवारीची कोष्टके आणि शेवटी 'व्यवस्थापनाने कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे' अशी शिफारस दिसली, तर तुमचाही प्रबंध तसाच होणार. जागा सोडून द्या आणि पुढच्या प्रवेशफेरीची वाट पाहा. ज्याचे स्वतःचे निबंध गेल्या पाच वर्षांत चांगल्या नियतकालिकांत आले आहेत असा असिस्टंट प्रोफेसर गाइड मोठ्या नावाच्या प्रोफेसरपेक्षा बहुतेक वेळा चांगला. तो तुमचा मसुदा वाचतो.

आता खरी अवघड जागा, म्हणजे प्रश्न. कारखान्यातून येणारा अभियंता सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात लिहितो: 'अमुक कंपनीत रिजेक्शन (नाकारला जाणारा माल) ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणणे'. काम उत्तम, संशोधन शून्य. रिजेक्शन कसे कमी करायचे हे जगाला आधीच माहीत आहे, तुम्ही फक्त ते केलेत. कारखान्यात प्रश्न सुटला की फाइल बंद होते. संशोधनात तो सुटल्यावरही जे नवल शिल्लक राहते, तिथून सुरुवात होते.

एक उदाहरण आकड्यांसह घेऊ. एका भागाची वर्षाची मागणी २०,००० नग. एका सेटअपचा, म्हणजे मशीन त्या भागासाठी तयार करण्याचा, खर्च १,६०० रुपये. एक नग वर्षभर साठवण्याचा खर्च १६ रुपये. ईओक्यूचे, म्हणजे एकूण खर्च सर्वांत कमी ठेवणारा लॉट (एका वेळी करायचे नग) काढण्याचे सूत्र लावले की लॉट २,००० चा येतो: वर्षात दहा सेटअप, त्यांचे १६,००० रुपये, सरासरी साठा १,००० नग, त्याचेही १६,०००. एकूण ३२,०००. मग कायझेन, म्हणजे सुधारणेची मोहीम होते, जपानी अभियंते शिंगो यांच्या पद्धतीने डाय (साचा) बदलण्याचा वेळ चौथाई होतो, सेटअपचा खर्च ४०० वर येतो. सूत्र सांगते की लॉट निम्मा, १,००० चा करा: सेटअपचे ८,०००, साठ्याचे ८,०००, एकूण १६,०००. आणि प्रत्यक्षात काय होते? नियोजनवाला लॉट २,००० चाच ठेवतो. तो मूर्ख नाही. त्याचा हिशोब आता सेटअपचे ४,००० आणि साठ्याचे १६,०००, मिळून २०,००० झाला. आधीच्या ३२,००० पेक्षा १२,००० वाचले, सादरीकरणात टाळ्या पडल्या. राहिलेले ४,००० कुणाला दिसत नाहीत. असे ३०० भाग असतील तर ते १२ लाख होतात, आणि मोठ्या लॉटमुळे डिलिव्हरीचा वेळ लांबतो तो वेगळाच. चाकण-भोसरीत हे दृश्य पाहिले नाही असा माणूस विरळा.

संशोधनाचा प्रश्न इथे आहे: सेटअप स्वस्त झाल्यावरही लॉट का चिकटून राहतो? शिफ्टमागे किती नग निघाले यावर सुपरवायझरचे मूल्यमापन होते म्हणून? ईआरपीमधला (कंपनीच्या नियोजन सॉफ्टवेअरमधला) लॉट-आकार बदलण्याचा अधिकार कारखान्याबाहेर, मुख्यालयात आहे म्हणून? की लॉट निम्मा केला तर ट्रॉल्या, तपासणी आणि नोंदी दुप्पट होतात आणि तो खर्च कुणी सेटअपमध्ये धरलेलाच नाही? ही तीन वेगळी उत्तरे आहेत आणि प्रत्येक उत्तर खरे असेल तर आकड्यांत वेगळी खूण दिसायला हवी. मूल्यमापन कारण असेल तर ज्या लाइनवर मोजमाप बदलले तिथे लॉट खाली यावा, बाकीच्या लाइनवर नाही. बदलाच्या आधीचे आणि नंतरचे, बदल झालेल्या आणि न झालेल्या लाइनचे आकडे शेजारी ठेवले की तपासणीची चौकट तयार होते. आता हा प्रबंध एका कंपनीचा राहिला नाही. माणसे मोजमापाला कशी वागतात याबद्दलचे जे साहित्य आहे, त्याच्याशी तो बोलू लागला. तुमची अकरा वर्षे इथे कामाला येतात, कारण तिसरी शक्यता खुर्चीत बसून सुचत नाही.

अभियांत्रिकीतून आलेले मोठे लोक याच वळणावर वेगळे झाले. हेन्री मिंट्झबर्ग मॅकगिलचा मेकॅनिकल इंजिनिअर, कॅनडाच्या रेल्वेत काम केलेला. एमआयटीतल्या डॉक्टरेटसाठी त्यांनी पाच मुख्याधिकाऱ्यांबरोबर प्रत्येकी एक आठवडा बसून ते दिवसभर नेमके काय करतात याची नोंद केली. सूत्र नाही, मॉडेल नाही, नुसते निरीक्षण. मायकेल पोर्टर प्रिन्स्टनचे एरोस्पेस आणि मेकॅनिकलचे पदवीधर, ते उद्योगांच्या अर्थशास्त्राकडे गेले. नितीन नोहरिया आयआयटी मुंबईचे केमिकल इंजिनिअर, एमआयटीतून पीएच.डी., पुढे २०१० ते २०२० हार्वर्ड बिझनेस स्कूलचे डीन, आणि विषय नेतृत्व आणि संघटना. अभियंत्याने ऑपरेशन्समध्येच राहावे असे नाही. पण दुसरीकडे जायचे तर त्या विषयाचे पायाभूत साहित्य पहिल्यापासून वाचावे लागते, दोन वर्षे तरी. अकरा वर्षे माणसे सांभाळली म्हणजे संघटनात्मक वर्तन येते, असे होत नाही. वाचायला पुणे विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय आणि गोखले संस्थेचे ग्रंथालय ही दोन ठिकाणे पुण्यात आहेत. सभासदत्वाची चौकशी आधी करा. साखर कारखाने किंवा दूध संघांकडे ओढा असेल तर वैकुंठ मेहता संस्था सहकार व्यवस्थापनावरच काम करते. अभियंत्यांना हे क्षेत्र सुचत नाही, आणि खरे तर ऑपरेशन्सचे इतके न तपासलेले प्रश्न दुसरीकडे कुठे असतील असे वाटत नाही. ऊसतोडणीचे वेळापत्रक आणि गाळपक्षमता यांचा मेळ हा एकच प्रश्न घ्या.

मग आकडेवारी. पुण्यातल्या मॅनेजमेंटच्या प्रबंधांत ३८४ हा आकडा इतक्या वेळा येतो की तो कुठून आला हे विचारायचे लोकांनी सोडून दिले आहे. १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५, भागिले ०.०५ चा वर्ग: ३८४.१६. मोठ्या लोकसंख्येतले एखादे प्रमाण ९५ टक्के विश्वासाने आणि पाच टक्क्यांच्या फरकात सांगायचे असेल, आणि नमुना यादृच्छिक असेल, तर एवढे उत्तरदाते पुरतात. तुम्ही गूगल फॉर्म जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर नमुना यादृच्छिक नाही, आणि दोन घटकांचा संबंध तपासायचा असेल तर तुमचा प्रश्न प्रमाणाचा नाही. म्हणजे ३८४ दोन्ही अंगांनी गैरलागू. संबंध तपासायचा असेल तर अपेक्षित परिणाम किती लहान आहे यावरून पॉवर ॲनालिसिसने आकार काढा. जीपॉवर हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरते. ही गणिती गोष्ट आहे, त्यामुळे अभियंत्याला ती चुकण्याचे कारण नाही.

अभियंत्याला खरोखर नवी असते ती दुसरी अडचण: मोजमाप. मायक्रोमीटरचे कॅलिब्रेशन तुम्हाला कळते, 'कर्मचाऱ्याची बांधिलकी' कशी मोजायची हे कळत नाही. स्वतःची प्रश्नावली रचू नका. आधी तपासलेली मापनश्रेणी घ्या, मराठीत करा, दुसऱ्या कुणाकडून ती उलट इंग्रजीत करून घ्या आणि दोन्ही इंग्रजी पाठ शेजारी ठेवून पाहा. विधाने एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा क्रोनबाख अल्फा ०.७ च्या वर आला म्हणजे झाले असे समजू नका. सगळी विधाने एकच गोष्ट वेगळ्या शब्दांत विचारत असतील तरी तो वर येतो. आणि कारणही त्याच माणसाला, परिणामही त्याच माणसाला, त्याच दिवशी, त्याच फॉर्मवर विचारला तर सहसंबंध निघणारच, मग तो खरा असो वा नसो. चांगला परीक्षक निबंध याच मुद्द्यावर परत पाठवतो. उपाय सोपा, पण कष्टाचा: परिणाम कंपनीच्या नोंदींतून घ्या, म्हणजे हजेरी, रिजेक्शन, वेळेवर पोहोचलेला माल.

त्या नोंदी घेण्याआधी लेखी परवानगी घ्या. कंपनीत असताना पेन ड्राइव्हवर उचललेला डेटा प्रबंधात वापरता येत नाही. गोपनीयतेचा करार तुम्ही सही केलेला आहे, आणि राजीनाम्यानंतर ते पत्र कुणी देत नाही. परवानगीच्या पत्रात कोणत्या वर्षांचा, कोणत्या लाइनचा डेटा, कंपनीचे नाव लपवायचे का, आणि निबंध छापण्यास हरकत नाही, या चारही गोष्टी यायला हव्यात. चौथी राहिली तर पदवी मिळते, निबंध छापता येत नाही.

निबंधांबद्दल. २०२२ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापण्याची सक्ती काढली, त्यामुळे बरेच जण सैल पडतात. नोकरीच्या वेळी ते लागतातच. यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादी पुणे विद्यापीठातल्या केंद्राच्या आधारे २०१९ मध्ये सुरू झाली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती बंद केली आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर टाकली. आता प्रत्येक संस्था वेगळी यादी धरते, पण मॅनेजमेंटमध्ये एबीडीसी ही ऑस्ट्रेलियन बिझनेस डीन्स कौन्सिलची श्रेणी जवळजवळ सगळीकडे ओळखतात: ए-स्टार, ए, बी, सी. ए श्रेणीत पहिले उत्तर यायलाच कित्येक महिने जातात, मग दुरुस्तीच्या दोन-तीन फेऱ्या. दोन वर्षे धरून चला. 'पंधरा दिवसांत छापतो, फी भरा' म्हणणाऱ्यांकडे गेलात तर तो निबंध पुढे तुमच्या बायोडेटावरचा डाग होतो. स्कोपस या निबंधसूचीत असल्याचा दावा असेल तर स्कोपसच्या स्वतःच्या यादीत, काढून टाकलेल्या नियतकालिकांच्या तक्त्यासह, निबंध पाठवायच्या दिवशी तपासा. उचलेगिरीचे नियमही माहीत असू द्या: १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते, १० ते ४० ला प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो, ४० ते ६० ला एक वर्ष बंदी, ६० च्या वर नोंदणी रद्द.

शिकवण्याचे. तुम्ही ज्या पद्धतीने शिकलात, त्या पद्धतीने शिकवाल: आधी सूत्राची सिद्धता, मग उदाहरण. एम.बी.ए.च्या वर्गात निम्मी मुले इंजिनिअर, निम्मी बी.कॉम. आणि बी.बी.ए.ची. सिद्धतेत दुसरी निम्मी पाचव्या मिनिटाला गळतात. उलटे करा. लिटलचा नियम घ्या: रांगेतली माणसे म्हणजे आत जाण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. रविवारी सकाळी फर्ग्युसन रस्त्यावर नाश्त्याच्या रांगेत ४० जण उभे, मिनिटाला दोघे आत जातात, तुमचा नंबर कधी? वीस मिनिटांनी, हे बी.कॉम.वालीही सांगते. मग त्याच सूत्रात मशीनपुढे पडलेले नग आणि दिवसाचे उत्पादन घालायला लावा. दुसरा धडा मशीनच्या वापराचा: एक रांग, एक मशीन, साधी गृहीतके, ८० टक्के वापर असेल तर रांग आणि मशीनवरचे मिळून सरासरी ४ नग, ९५ टक्के केला तर १९. आकडे आधी त्यांना अंदाजाने सांगायला लावा. 'मशीन रिकामी दिसता कामा नये' ही कारखान्यातली श्रद्धा या एका तासात डळमळते.

केस, म्हणजे एखाद्या कंपनीतल्या प्रसंगावर चर्चा घेत शिकवणे वेगळी गोष्ट आहे. ७५ मिनिटांच्या तासाला फळ्याचा आराखडा आदल्या दिवशी कागदावर काढा: कोणता फळा आकड्यांचा, कोणता पर्यायांचा, कोणता मोकळा. पहिला प्रश्न निर्णयाचा हवा, 'तुम्ही प्लांट हेड आहात, ऑर्डर घ्याल का?' असा. 'केसमध्ये काय आहे?' असे विचारले की वर्ग गोष्ट सांगत बसतो आणि २० मिनिटे जातात. प्रश्न विचारून झाल्यावर गप्प राहा. कारखान्यात उत्तर लगेच देण्याची सवय लागलेली असते, त्यामुळे नवा प्राध्यापक स्वतःच उत्तर देऊन टाकतो आणि पुढच्या वेळेपासून वर्ग त्याची वाट पाहत बसतो. परदेशी केसना विद्यार्थ्यामागे परवान्याचे पैसे पडतात, कॉलेज ते देईलच असे नाही. स्वतःची केस लिहा, आठ ते बारा पाने आणि शेवटी तक्ते. कंपनीचे आकडे लपवायचे असतील तर सगळ्या रकमांना एकाच संख्येने गुणा, म्हणजे गुणोत्तरे शाबूत राहतात. सोबत टीचिंग नोट, म्हणजे केस कशी शिकवायची याचे टिपण लिहा. तिच्याशिवाय दुसरा कुणी तुमची केस वापरत नाही.

आठवड्याचा हिशोबही आधी कळलेला बरा. यूजीसीच्या नियमाने असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवणे आणि एकूण ४० तास काम. प्रत्यक्षात कॉलेजाच्या मूल्यांकनासाठी नॅकची फाइल, अभ्यासक्रमाच्या मान्यतेसाठी एनबीएचे कोर्स आउटकमचे तक्ते, प्रवेशाच्या हंगामातले समुपदेशन आणि प्लेसमेंटसाठी कंपन्यांना फोन हे सगळे त्यात घुसते. तुमच्याकडून तर फोनची अपेक्षा जास्तच असेल, कारण तुम्ही चाकणहून आलात. ओळखी वापरा, पण संशोधनाचे दोन अर्धे दिवस वेळापत्रकातच अडवून घ्या आणि ते पहिल्याच सत्रात मागा. नंतर मिळत नाहीत. क्वालिटीतून आलेल्याला एनबीएचे तक्ते सोपे जातात, पीपीएपीची (नव्या भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याची) फाइल ज्याने भरली त्याला ते काय अवघड! पण सोपे जाते हे कळले की ते काम कायमचे तुमच्याकडे येते.

सुरुवात याच महिन्यात करता येते. जवळच्या कॉलेजात क्वालिटी किंवा सप्लाय चेनचा एक विषय तासिका तत्त्वावर मागा, आठवड्याला दोन-तीन तास, शनिवारी. कंपनीची परवानगी लेखी घ्या, नाहीतर दुहेरी नोकरीचा मुद्दा निघतो. आणि आजच्या नोकरीतून बाहेर पडण्याआधी कागद जमवून ठेवा: नेमणूकपत्र, प्रत्येक बढतीचे पत्र, शेवटचे अनुभवपत्र कामाच्या स्वरूपासह, सगळ्या वर्षांचे फॉर्म १६, पीएफचे पासबुक. छाननी समिती पगाराच्या पावत्या आणि फॉर्म १६ वरून अनुभवाच्या तारखा जुळवते. कंपनीचे नाव मध्ये बदलले असेल किंवा ती दुसरीत विलीन झाली असेल, तर दोन्ही नावे जोडणारे एचआरचे पत्र आत्ताच घ्या. आठ वर्षांनी ते देणारे कुणी त्या कारखान्यात उरलेले नसते.